‘नको, मी करते’

मागच्या पावसाळ्यात माझा उजवा हात मनगटात मोडला. त्यात सांगण्यासारखं शौर्य काही नाही. आमच्या केंद्राच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, दोन्ही हातांत फायली होत्या, पाय सटकला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं आणि विचारलं, "घरी कोण आहे?" मी म्हटलं, "मी आहे."

सोलापुरात मी एकटी राहते. वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. एकटीनं राहायचं हे मी ठरवून केलेलं आहे, त्यासाठी घरच्यांशी भांडलेही आहे. त्यामुळे "बघ, आता कोण आहे करायला?" हे वाक्य मला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं. आईला सांगितलं तेसुद्धा प्लॅस्टर निघाल्यावर.

एका हातानं काय काय होत नाही हे हात मोडल्याशिवाय कळत नाही. वेणी घालता येत नाही. कणीक मळता येत नाही. ओला टॉवेल पिळता येत नाही. सलवारीच्या नाडीची गाठ हा तर रोज सकाळचा वेगळाच लढा. खालच्या मावशींनी पहिल्याच संध्याकाळी जिन्यातून हाक मारली, "भाजी पाठवते गं." मी म्हटलं, "नको मावशी, झालंय माझं." झालेलं काही नव्हतं. केंद्रातली सहकारी म्हणाली, "रात्री झोपायला येऊ का?" तिलाही म्हटलं, "नको, मी करते." चार दिवस ब्रेड आणि केळी खाल्ली. चौथ्या दिवशी दुधाची पिशवी दातानं फोडायला गेले, सगळं दूध अंगावर आलं, आणि मी ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले. आपल्या लिखाणात दुसऱ्या बायकांचं रडणं पुष्कळ असतं. स्वतःचं क्वचित असतं, म्हणून हे लिहून टाकते.

पाचव्या दिवशी अक्का आल्या.

अक्का विडी कामगार आहेत. चाळिशी उलटलेली, तीन मुलं. तीन वर्षांपूर्वी त्या आमच्या केंद्रात आल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं त्यांना घराबाहेर काढलं होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आम्ही अर्ज केला, राहत्या घरात राहण्याचा आदेश मिळवला. आता त्या त्याच घरात राहतात आणि वस्तीत कुणाकडे भांडण झालं की आधी त्यांना बोलावणं जातं. आमच्या अहवालात ही ‘यशस्वी केस’ म्हणून नोंदली आहे.

त्या दारात उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा डबा. म्हणाल्या, "ताई, भाकरी आमटीत चुरून आणलीय. डाव्या हातानं खाता येईल."

भाकरी मोडायला दोन हात लागतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या आलं होतं.

आणि तरी मी म्हटलं, "नको अक्का. आमच्या केंद्राचा नियम आहे, आम्ही कुणाकडून काही घेत नाही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "आमच्या घरचं नको वाटतं का?"

अक्का बौद्ध वस्तीत राहतात. माझं आडनाव सोलापुरात कुणालाही माझी जात सांगून टाकतं. मी घाईघाईनं म्हटलं, "अहो, तसं कसं म्हणता? नियम आहे."

"नियम कुनी केला?"

"आम्हीच."

"मग मी तुमचं घेतलं तवा नियम न्हवता का? रिक्षाचे साठ रुपये घेतले. पोरीचा फ्राक घेतला. कोर्टात बाकड्यावर बसून तुमच्या डब्यातली पोळी घेतली, अर्धी. मला लाज वाटली न्हवती काय? वाटली. पन तुमी दिली म्हनून घेतली. तुमाला वाईट वाटू नये म्हनून घेतली."

मी बाजूला झाले. त्या आत आल्या, ताट शोधलं, डबा उपडा केला. मी खाल्लं. मग त्यांनी पाणी तापवलं आणि माझे केस धुतले. पाच दिवसांचं डोकं होतं ते. त्या जाईपर्यंत मी फारसं बोलले नाही. ‘तुमाला वाईट वाटू नये म्हनून घेतली’ हे वाक्य मात्र डोक्यात राहिलं. तीन वर्षं मी असं धरून चालले होते की त्या पोळीच्या व्यवहारात देणारी मी एकटीच होते.

आता त्या नियमाबद्दल. तो मूर्खपणाचा नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हांला शिकवलं गेलं की आपण ज्यांच्यासोबत काम करतो त्यांच्याकडून भेटवस्तू घेऊ नये. त्याला कारणं आहेत. सरकारी ऑफिसात चहापाण्याशिवाय कागद हलत नाही हे बायकांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. केंद्रातही काहीतरी द्यावं लागतं असं एकदा पसरलं की जिच्याकडे द्यायला काही नाही ती येणारच नाही. शिवाय डबा आणणारीची केस आधी घेतली असा संशयही नको. मी स्वतः नव्या मुलींना प्रशिक्षणात हा नियम शिकवला आहे, आणि पैशाच्या, वस्तूंच्या बाबतीत तो आजही शिकवीन.

पण नियमाच्या आड आणखी काय काय लपतं तेही बघायला हवं. देणारीचा हात वर असतो, घेणारीचा खाली, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. म्हणून तर घ्यायला आपल्याला जड जातं. एखादी बाई आपल्यासमोर रडली, तिनं अंगावरचे वळ दाखवले, नवऱ्याबद्दल जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते सांगितलं, तर ते आपण ‘विश्वासाचं नातं’ म्हणून फायलीत लिहितो. त्याच बाईनं आपली नाडी बांधून दिलेली मात्र आपल्याला चालत नाही. मग नातं विश्वासाचं कुठे राहिलं? तिनं उघडं व्हायचं आणि आपण झाकलेलं राहायचं, असा तो करार झाला.

आणि जात. इथे मला स्वतःला माफ करता येत नाही. महाराष्ट्रात कुणी कुणाच्या हातचं घ्यायचं हा प्रश्न कधीच फक्त आवडीनिवडीचा नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला. वस्तीत बसून मी या दोन्ही गोष्टी शिबिरांत सांगितल्या आहेत, ‘द्यायचा’ इतिहास म्हणून आणि ‘मिळवायचा’ इतिहास म्हणून. माझ्यासारख्या आडनावाच्या बाईनं घेण्याचा भाग त्यात कुठे येतो, हा विचार केला नव्हता. "मी जात मानत नाही" हे मनात असून भागत नाही. ज्यांच्या आजीनं ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलं आहे, त्यांना माझं ‘नको’ ऐकू येतं तेव्हा त्यासोबत आजीचं आयुष्यही ऐकू येतं. मी वस्तीत मीटिंगला जाते तेव्हा स्वतःची पाण्याची बाटली नेते. कारण पोटाचं आहे, मला मागे कावीळ झाली होती. पण हे कारण मी किती घरांत सांगितलं? एकाही नाही. मी फक्त बाटली काढून पाणी प्यायले आहे, सगळ्यांसमोर.

आपल्याच परंपरेत घेण्याचीही उदाहरणं आहेत, आपण ती त्या नजरेनं वाचत नाही इतकंच. ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात, आपण नसल्यानं फातिमेला त्रास पडत असेल, हा उल्लेख येतो. फुले दांपत्यानं केलेल्या त्यागाबद्दल आपण भाषणं देतो. पण बरं होईपर्यंत माहेरी राहायचं आणि तोवर आपलं काम दुसरीच्या खांद्यावर ठेवायचं, हेही त्याच बाईनं केलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी प्लॅस्टर घालून ऑफिसला गेले होते. डाव्या हातानं लिहिलेल्या त्या दिवसाच्या नोंदी आता कुणालाच वाचता येत नाहीत.

आपल्या चळवळीत ही सवय आली कुठून? मला वाटतं, एका चांगल्या गोष्टीतूनच आली. आपण शिकलो ते ‘दया नको, हक्क हवा’. नवऱ्याच्या घरात राहणं ही त्याची मेहेरबानी नाही, तो कायद्यानं दिलेला अधिकार आहे. पोटगी ही भीक नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेणं हे उपकार नाहीत. हे बायकांना, आणि आधी स्वतःला, पटवून देण्यात आपली वर्षं गेली आणि ते योग्यच होतं. पण सासर, पोलीस स्टेशन, तहसील कचेरी यांच्यासमोर लावायचा हा आवाज आपण शेजारणीच्या वाटीसमोरही लावायला लागलो. तिथे तो बेसूर लागतो.

उलट गोंधळही होतो, तो जास्त महाग पडतो. माहेरच्या बाबतीत बघा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभरात २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा आहे. तरी किती बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात! का, तर ‘भाऊ अडीनडीला उभा राहतो’. दिवाळीला साडी-चोळी, बाळंतपणाला बोलावणं, नवऱ्यानं मारलं तर चार दिवस आसरा. बाईच्या मालकीची जमीन घ्यायची आणि त्यातलंच चिमूटभर मदत म्हणून परत द्यायचं. बाई ते कृतज्ञतेनं घेते, जन्मभर मिंधी राहते. आणि हीच बाई शेजारणीनं पोरांना दोन तास सांभाळते म्हटलं तर म्हणते, "नको बाई, कशाला कुणाचे उपकार?" म्हणजे जिथे भांडून घ्यायचं तिथे ती हात जोडते, आणि जिथे सहज घ्यायचं तिथे ताठ होते. तिला दोष देत नाही. मी चार दिवस केळी खाल्ली होती.

बायका मदत का नाकारतात हे केंद्रात बसून मी पुष्कळ ऐकलं आहे. उद्या नळावर ऐकवतील. नवऱ्याला कळलं तर तो तिच्या दारात जाऊन तमाशा करील. फेडायचं कसं? आणि सगळ्यात खोलवरचं कारण: मदत घेतली की घरात काहीतरी चाललंय हे कबूल केल्यासारखं होतं. ‘आमच्याकडे सगळं बरं आहे’ या एका वाक्याच्या भिंतीवर तिचा संसार उभा असतो. वाटीभर डाळ घेतली तरी त्या भिंतीतली वीट निघते.

एक मुलगी आठवते. तेविसाची, दोन मुलं. आम्ही तिला सांगितलं होतं की महत्त्वाचे कागद एका पिशवीत घालून शेजारी ठेव. हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा एखादा फोटो, दवाखान्याचे कागद, थोडे सुटे पैसे, एक जोड कपडे. शेजारची बाई स्वतःहून म्हणत होती, ठेव माझ्याकडे. ही म्हणाली, नको, तिला कशाला त्रास? एका रात्री तिला दोन पोरं घेऊन अनवाणी निघावं लागलं. पिशवी घरात राहिली, नवऱ्यानं कागद जाळले. मग नावाचा पुरावा नाही, शाळेत मुलांना घालायला दाखला नाही, बँकेत खातं असून पैसे काढता येत नाहीत. एकेका कागदासाठी ती आणि मी महिनोन्‌महिने खिडक्यांसमोर उभ्या राहिलो. एका कार्यालयात तर, नवऱ्याला घेऊन या, असं सांगितलं गेलं. शेजारणीच्या पत्र्याच्या पेटीत ती पिशवी असती तर त्या बाईला काय त्रास झाला असता? पेटी जरा नीट लागली नसती, एवढाच.

त्यानंतर मी विचारायची पद्धत बदलली. आधी मी विचारत असे, "तुम्हांला कुणाचा आधार आहे का?" यावर जवळजवळ प्रत्येक बाई म्हणते, नाही. आधार म्हणजे तिच्या मनात कुणीतरी जन्मभर पोसणारा असतो, आणि तसा कुणी नसतोच. आता मी लहान लहान प्रश्न विचारते. रात्री अकराला दार वाजवलं तर कोण उघडेल? कुणाच्या फोनवरून फोन करता येईल? पोरं शाळेतून सुटल्यावर तासभर कुणाकडे बसतील? पिशवी कुणाकडे राहील? वीस रुपये कोण देईल? मग नावं निघतात. गिरणीवाली काकू. समोरची खाला. अंगणवाडीच्या बाई. मोठ्या दिराची मुलगी, सतरा वर्षांची. एकेक नाव एकेका कामासाठी. पूर्ण ओझं कुणावरच नाही, त्यामुळे बाईला मागता येतं आणि समोरचीलाही हो म्हणता येतं.

समोरची भिते, हेही खरं. "आम्ही मध्ये पडलो तर आमच्यावरच केस होईल." इथे कायदा उपयोगी पडतो आणि तो आपल्या गटांनी वस्त्यांमध्ये नीट पोचवलेला नाही असं माझं मत आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. नात्यातलीच हवी असं नाही. आणि सद्‌भावनेनं माहिती दिली असेल तर तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे भिंतीपलीकडून आवाज ऐकून फोन करणाऱ्या शेजारणीला कायद्यानं जागा दिलेली आहे. मी हे गिरणीवर, रेशनच्या रांगेत, हळदीकुंकवातसुद्धा सांगते. (हळदीकुंकवाला जाते म्हणून काही मैत्रिणी माझ्यावर रागावतात. बायका तिथे जमतात, मी तिथे जाते.)

आपल्या जुन्या जगण्यात घेण्याच्या रीती होत्या आणि त्यांत कुणी लहान होत नव्हतं. वाटीभर साखर उसनी आणायची. ‘उसनी’ म्हणायचं, ‘मागून’ नाही, म्हणजे परत करण्याचा हक्क आपल्याकडे राहतो. वाटी परत करताना रिकामी करायची नाही, चिमूटभर काहीतरी घालायचं. शेतात सावड असे: आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. कुणाची नांगरट अडली की तो इर्जिक घालायचा, गावातले लोक आपापली बैलं घेऊन यायचे, त्याचं रान नांगरून द्यायचे आणि तो सगळ्यांना जेवायला घालायचा. इर्जिक घालणाऱ्याला कुणी भिकारी म्हटलं नाही. बायकांचं म्हणाल तर उन्हाळ्यातले पापड-कुरडया. एका घरच्या आटोपल्या की पोळपाट-लाटणी घेऊन दुसऱ्या घरी. आजही आमच्या गल्लीत होतं हे. हिशेब असतोच, पण तो कुणी वहीत लिहीत नाही, आणि तो कधी पुरता फिटत नाही म्हणूनच पुढच्या वर्षी परत जावं लागतं.

त्या रीतींचं गुणगान करायचा माझा इरादा नाही. त्या जातीच्या आत चालायच्या. सावडीत कोणाची बैलं चालायची आणि पापड लाटायला कुणाला बोलवायचं नाही, हे ठरलेलं असे. विधवेला तर पापडालाही नाही आणि ओटीलाही नाही. मला त्यांतली फक्त एवढीच गोष्ट उचलायची आहे की घेणाऱ्या माणसाची मान त्यांत खाली जात नव्हती. जातीबाहेर, गल्लीबाहेर, ‘केस’ आणि ‘कार्यकर्ती’ या भिंतीबाहेर ती नेता येते का, हा आपला प्रश्न आहे.

सगळीच मदत घ्यावी असंही मी म्हणत नाही. आठवड्याच्या हप्त्यानं कर्ज देणारा, घर मिळवून देतो म्हणणारा आणि संध्याकाळी उशिरा फोन करणारा नगरसेवकाचा माणूस, "तुझ्यासाठी एवढं केलं" असं दर वेळी बोलून दाखवणारी नणंद, यांच्यापासून बायका लांब राहतात ते शहाणपण आहे. मी त्यांना ओळखायची एक साधी खूण सांगते. मदत करणाऱ्याला ‘नको’ म्हणून बघा. नीट ‘बरं’ म्हणाला तर उद्या त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. चिडला तर घेऊ नका. आणि शेजारणीच्या पेटीत पिशवी राहते म्हणून सरकारनं निवारागृह काढायचं नाही, संरक्षण अधिकाऱ्याला गाडी आणि माणसं द्यायची नाहीत, हेही चालणार नाही. गिरणीवाल्या काकू रात्रभर ठेवून घेतील. तीन महिने कशा ठेवतील?

पुन्हा आपल्यावर येते. आपल्या गटांत कुणी आजारी पडलं की आपल्याला कळतं कधी? माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या आईला कॅन्सर होता. वर्षभर ती दुपारी केंद्रात आणि रात्री दवाखान्यात होती. आम्हांला कळलं ते आई गेल्यावर. आम्ही सगळ्या म्हणालो, "अगं, सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "तुम्ही कधी काही सांगितलंत मला?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आपण रात्री दोन वाजता परक्या बाईसाठी पोलीस स्टेशनला जातो आणि आपल्यातली एकजण दवाखान्याच्या बाकड्यावर एकटी बसलेली असते. यात थोरवी कसली आहे, मला कळेनासं झालं आहे. तिच्याशी बोलताना असंही वाटलं की घेतलं नाही म्हणजे आपण कुणाच्या देण्यात नाही, आणि कुणाच्या देण्यात नसलो म्हणजे कुणीही आपल्याला प्रश्न विचारू शकत नाही, असा एक सुप्त सोयीचा हिशेब त्यामागे असतो. माझ्यापुरतं तरी असतो. अक्कांनी भाकरी खाऊ घातल्यानंतरच त्या मला म्हणू शकल्या, "ताई, तुमी कोर्टात माझ्याशी लई जोरात बोलायच्या. मला भ्या वाटायचं." तीन वर्षांत हे त्यांनी आमच्या कुठल्याही अभिप्राय फॉर्ममध्ये भरलेलं नव्हतं.

त्या सहा आठवड्यांत मग बरंच काही घेतलं. मावशींची भाजी रोज. सहकारी दोन रात्री राहिली आणि घोरते हे कळलं. शेजारचा अकरावीतला मुलगा पाण्याच्या कळशा वर आणून द्यायचा, त्याला मी इंग्रजीचे धडे समजावले. अक्का आठवड्यातून दोनदा यायच्या. विड्या वळणाऱ्या बाईचा अर्धा दिवस म्हणजे काय, हे मला माहीत होतं. पानं भिजवायची, कापायची, हजार विड्या पुऱ्या करून कारखान्यात द्यायच्या, तेव्हा हातात मजुरी येते. मी म्हटलं, "अक्का, तुमचं काम बुडतंय." त्या म्हणाल्या, "बाजूची वळतीय माझी दोनशे. तिच्या पोरीच्या बाळंतपनात मी तिच्या वळलेल्या." म्हणजे माझ्या डोक्यावर पडणाऱ्या तांब्याभर पाण्यामागे मी कधी न पाहिलेली एक बाई बसून विड्या वळत होती. तिचे आभार कसे मानायचे हे मला अजून सुचलेलं नाही.

प्लॅस्टर निघाल्यावर केंद्राच्या बैठकीत मी नियमाचा विषय काढला. दोन तास चर्चा झाली आणि ती सोपी नव्हती. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ ताईंचा विरोध होता. त्या म्हणाल्या, "तुला एक चांगली अक्का भेटली म्हणून तू दार उघडतेस. त्याच दारातून उद्या मिठाईचा डबा येईल, परवा साडी येईल, आणि मग नवऱ्याकडची माणसंही डबा घेऊन येतील." त्यांचं म्हणणं खोटं नाही, पूर्वी असं घडलेलं आहे. दुसरी एक तरुण कार्यकर्ती, स्वतः विडी कामगाराची मुलगी, म्हणाली, "नियम राहू दे, पण निदान वस्तीत गेल्यावर चहा-पाणी नाकारायचं नाही एवढं तरी लिहा. आमच्या आईला तेवढंच आठवतं, कोण प्यायलं आणि कोण नाही." शेवटी असं ठरलं: पैसे आणि वस्तू कधीच नाहीत, घरी गेल्यावर दिलेलं चहा-पाणी, जेवण नाकारायचं नाही, तब्येतीचं कारण असेल तर ते तोंडानं सांगायचं, आणि केस चालू असताना कार्यकर्तीनं वैयक्तिक मदत घेतली तर पुढच्या बैठकीत ती सांगायची. ज्येष्ठ ताईंनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला आहे. सहा महिन्यांनी पुन्हा विषय घ्यायचा आहे.

तुमच्या गटात याबाबत काय करता? नियम आहे का, लिहिलेला की तोंडी? वस्तीत कुणाच्या घरी जेवता आणि कुणाच्या घरी ‘आत्ताच जेवून आले’ म्हणता? नुसतं मत कळवू नका, घडलेलं कळवा, फसलेलं असेल तर तेही. आमच्या पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवता येईल. अक्कांनाही त्या बैठकीला बोलावलं आहे. त्यांनी विचारलं, "मी येते, पन चहा कोन करनार?" आम्ही म्हटलं, आम्ही करू. त्या म्हणाल्या, "तुमचा चहा पानचट असतो. मी पावडर आनते."